फितूर की राखणदार?

भारतातून पाहुणे आले की त्यांना बोटॅनिक गार्डन दाखवायला नेणे हे सिंगापुरातल्या प्रत्येक मराठी घराचे ठरलेले कर्तव्य आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, सावली भरपूर, आणि आई-बाबांच्या गुडघ्यांना सोसेल इतपतच चढ-उतार. हंसांचे तळे, पाच डॉलरच्या नोटेवर छापलेला तो आडव्या फांदीचा टेंबुसू वृक्ष, मग तिकीट काढून ऑर्किडची बाग, आणि शेवटी घरून आणलेल्या डब्यातले थालीपीठ. हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल.

मलाही तो पाठ होता. बाग सुंदर आहे, २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, एवढी माहिती पाहुण्यांना सांगायला पुरत असे. पुढे एका पाहुण्याच्या चौकस प्रश्नांना उत्तरे द्यायची म्हणून मी बागेचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात एक माणूस भेटला. त्याच्यावरून एक प्रश्न मनात घर करून बसला, तो अजून हलायला तयार नाही. आपल्या माणसांवर संकट कोसळले असताना, शत्रूच्या हाताखाली राहून पुस्तके, झाडे आणि वाळलेली पाने सांभाळणाऱ्या माणसाला काय म्हणायचे? फितूर की राखणदार?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी बागेची थोडी ओळख हवी. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पेशवे पार्क किंवा एम्प्रेस गार्डन येते. फिरायला जायची, मुलांना खेळवायची जागा. सिंगापूरची ही बागही १८५९ साली अशीच सुरू झाली. शहरातल्या हौशी लोकांच्या एका कृषी-उद्यान संस्थेने टँगलिन भागात ती वसवली. संस्थेला खर्च पेलेना, तेव्हा १८७४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि बागेचे रूप पालटले. ती साम्राज्याची प्रयोगशाळा झाली. कोणते झाड कुठे रुजेल, त्यातून किती पैसा उभा राहील, याचे हिशेब इथे होऊ लागले.

सगळ्यात मोठा हिशेब रबराचा. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवल्या. त्यातल्या जेमतेम अडीच-तीन हजार रुजल्या. पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, त्या वंशाची २२ रोपे सिंगापूरला आली. १८८८ मध्ये हेन्री रिडली बागेचे प्रमुख झाले. झाडाला इजा न करता पुन्हा पुन्हा चीक कसा काढायचा, साल तिरकी कशी छेदायची, हे तंत्र त्यांनी बसवले. मळेवाल्यांच्या मागे लागून ते रबराच्या बिया लावायचा आग्रह करत. लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणत. मग मोटारगाड्या आल्या, टायरांना मागणी आली, आणि वेड्याचे शहाणपण सगळ्यांना पटले. १९१७ पर्यंत बागेतून सुमारे ७० लाख बिया वाटल्या गेल्या होत्या. मलाया जगातला सर्वांत मोठा रबर उत्पादक झाला आणि ब्राझीलचा तो व्यापार कोसळला.

रबराला माणसे लागली. ती मद्रास इलाख्यातून आली. गावातलाच एखादा कंगाणी, म्हणजे आपल्या भाषेत मुकादम, गावी जाऊन माणसे गोळा करी आणि बोटीत घालून आणी. मलायाच्या मळ्यांतली लाखो तमिळ कुटुंबे या वाटेने आली. या मजुरांची आठवण ठेवा, लेखाच्या शेवटी त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

बागेचा एक भाग पाहुण्यांना सहसा दिसत नाही. तो म्हणजे हर्बेरियम. जंगलातून आणलेली फांदी, पान, फूल दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून जिथे जपतात ती जागा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना ते ठाऊक असेल. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. झाडाचे नाव, कुठे सापडले, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केले. एखाद्या जातीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव देतात तेव्हा ज्या नमुन्यावरून ते दिले तो कायमचा जपून ठेवतात. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तर निवाडा त्या नमुन्यासमोर होतो. म्हणून तो गेला तर त्याची भरपाई होत नाही. ते झाड जिथे होते ते जंगलही कदाचित तोवर उरलेले नसते. सिंगापूरच्या हर्बेरियममध्ये आज असे साडेसात लाखांच्या आसपास नमुने आहेत.

आता तो माणूस. एडरेड जॉन हेन्री कॉर्नर. १९२९ मध्ये केंब्रिजहून इथे साहाय्यक संचालक म्हणून आलेला तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ. उंच झाडांवरची फुले-फळे काढायला त्यांनी माकडे शिकवून तयार केली होती. मलायाच्या रस्त्याकडेच्या झाडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला आणि तो आजही वाचला जातो.

१५ फेब्रुवारी १९४२ ला, ऐन चिनी नववर्षाच्या दिवशी, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. शहरात लूट सुरू होती. रॅफल्स म्युझियम, तिथले ग्रंथालय, बोटॅनिक गार्डनचे हर्बेरियम, सगळेच उघड्यावर होते. कॉर्नर यांनी पुढे लिहिले त्याप्रमाणे, ते गव्हर्नर शेंटन थॉमस यांच्याकडे गेले आणि ‘ही शास्त्रीय संग्रहालये कृपया जपावीत’ अशा अर्थाची चिठ्ठी घेऊन जपानी अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. थोड्याच दिवसांत हिदेझो तानाकादाते नावाचे भूशास्त्राचे जपानी प्राध्यापक आले आणि त्यांनी म्युझियम व बाग ताब्यात घेतली. त्यांना जाणकार माणसे हवी होती. कॉर्नर आणि बागेचे संचालक हॉल्टम हे दोघे कैदेत न जाता कामावर राहिले. ओसाड पडलेल्या घरांतून, कचेऱ्यांतून पुस्तके गोळा करून ती सुरक्षित जागी आणली गेली. पुढे तोकुगावा घराण्यातले मार्क्विस योशिचिका तोकुगावा म्युझियम आणि बागेचे सर्वोच्च प्रमुख झाले. १९४२ च्या अखेरीस क्योतोचे निवृत्त प्राध्यापक कोरिबा बागेचे संचालक म्हणून आले. साडेतीन वर्षे हे चालले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, ब्रिटिश परतले, तेव्हा संग्रह जवळजवळ जसाच्या तसा होता.

आणि कॉर्नर यांच्या वाट्याला आला तो ‘शत्रूचा साथीदार’ हा शिक्का. आपल्या भाषेत, फितूर.

हा शिक्का मारणारे लोक वेडे नव्हते. त्यांची बाजू नीट ऐकून घ्यायला हवी. कॉर्नर बागेत काम करत होते त्याच काळात त्यांचे देशबांधव, बायका-मुलांसकट, चांगीच्या तुरुंगात खितपत पडले होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानी लष्करी पोलिसांनी तिथून ५७ जणांना संशयावरून उचलले आणि अनन्वित छळ केला. त्यातले १५ जण मेले. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच युद्धकैद्यांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर पाठवले गेले, तिथे १२ हजारांहून अधिक दगावले. आणि शहर पडल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच ‘सूक चिंग’ म्हणून ओळखले जाणारे हत्याकांड झाले होते. चिनी पुरुषांना चौकशीच्या नावाखाली रांगेत उभे करून निवडून किनाऱ्यांवर नेऊन मारण्यात आले. जपान्यांनी पाच हजारांच्या आसपास आकडा मान्य केला, चिनी समाजाचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. ज्या आईचा मुलगा त्या रांगेतून परत आला नाही, तिला ‘आम्ही पाने वाचवली’ असे सांगायला कोणाची जीभ धजेल?

बागेतच याचा एक पुरावा आहे. प्लँट हाऊसजवळच्या विटांच्या पायऱ्या. त्या विटा ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांनी बनवलेल्या आहेत आणि त्यांतल्या काहींवर बाणाची खूण आहे. आमच्यावर सक्ती झाली, आम्ही राजीखुशीने राबत नव्हतो, हे सांगणारा तो मुका निषेध. म्हणजे एकाच आवारात एक इंग्रज कपाटातली पाने जपत होता आणि त्याच्याच बाजूने लढलेली माणसे कैदी म्हणून राबवली जात होती. हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की ‘फितूर’ हा शब्द सहज तोंडावर येतो.

आपल्याकडे तर हा शब्द फार जड आहे. एकेक किल्ला लढवून राखणाऱ्यांच्या इतिहासात फितुरीसारखे पाप नाही. सूर्याजी पिसाळ हे नाव बोलीभाषेत त्याचा समानार्थी शब्द होऊन बसले. इतिहाससंशोधक त्याबद्दल काहीही म्हणोत, नावाला चिकटलेला डाग निघत नाही. म्हणूनच हा शब्द वापरताना हात थोडा आखडता घ्यावा असे मला वाटते. फितूर कोणाला म्हणायचे? जो आपला किल्ला, आपली गुपिते, आपली माणसे शत्रूच्या हवाली करतो त्याला. कॉर्नर यांनी किल्ला दिला नाही, तो आधीच पडला होता. त्यांनी कोणाचा ठावठिकाणा सांगितल्याचा, कोणाला पकडून दिल्याचा आरोपही माझ्या वाचनात आला नाही. त्यांच्यावरचा आरोप एवढाच की ते बाहेर होते आणि बाकीचे आत.

कॉर्नर यांच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा, की ते ज्याची राखण करत होते ते इंग्रजांचे नव्हतेच. मलायाच्या जंगलातले पान कोणत्या राजाचे? इतर ठिकाणी काय झाले ते पाहा. मार्च १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे हर्बेरियम जळाले, जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक. १९४५ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत तिथला संग्रह नष्ट झाला आणि फिलिपिन्सच्या वनस्पतींचे कितीतरी मूळ नमुने गेले. कॉर्नर यांची भीती काल्पनिक नव्हती. आणि अशी हानी करायला युद्धच लागते असेही नाही. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांच्या पोटात कालवले होते. त्या हस्तलिखितांतली एक ओळही आपण कधी वाचली नव्हती, तरीही. ज्या वस्तूला नक्कल नाही तिचे जाणे हे पुढच्या सगळ्या पिढ्यांचे नुकसान असते, हे तेव्हा आतून कळले.

हा युक्तिवाद मला पटतो, पण तो पुरत नाही. याच युद्धातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता, ८७२ दिवसांचा. तिथे निकोलाय वाविलोव यांनी जगभरातून जमवलेल्या बियाण्यांचा संग्रह होता. गहू, तांदूळ, मका, डाळी, शेंगदाणे. वाविलोव स्वतः स्टॅलिनच्या तुरुंगात होते आणि जानेवारी १९४३ मध्ये तिथेच गेले. त्यांचे सहकारी त्या धान्याच्या राशीत बसून उपासमारीने मेले, पण बियाण्याला हात लावला नाही. भाताच्या वाणांचे अभ्यासक दिमित्री इवानोव भाताच्या हजारो पुड्यांच्या सोबतीत भुकेने गेले. त्यांना कोणी फितूर म्हणत नाही, आपण हात जोडतो.

जपणूक दोन्हीकडे तीच. मग आपली प्रतिक्रिया वेगळी का? मला वाटते, लेनिनग्राडमध्ये राखण करणाऱ्यांनी किंमत स्वतःच्या खिशातून मोजली, म्हणून. कॉर्नर यांच्या बाबतीत शंका राहते. त्यांना खायला मिळाले, मोकळे राहता आले, आवडीचे काम करता आले. कर्तव्य आणि सोय हातात हात घालून आली की जगाला कर्तव्य दिसत नाही, सोय तेवढी दिसते. जगाचे त्यात फार चुकते असेही नाही. आपल्यालाही स्वतःच्या मनाची खात्री देता येत नाही. ‘मी हे तत्त्वासाठी करतो’ असे म्हणताना त्या तत्त्वाने आपली किती सोय केली आहे, हे माणसाने आधी तपासावे.

पण इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. निष्ठेचा हा सगळा वाद एका राज्यकर्त्या जमातीचा आपसातला वाद होता. बागेत मलय, तमिळ, चिनी नोकर होते, माळी होते. तेही जपान्यांच्या हाताखाली कामावर राहिले. त्यांना कोणी फितूर म्हटले नाही, कारण त्यांची निष्ठा कोणी मोजायलाच घेतली नव्हती. कालचा साहेब गोरा होता, आजचा जपानी. चूल तर पेटायला हवी होती.

आणि हिंदी माणसासाठी तर तराजू आणखीच डळमळला. शहर पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारी १९४२ ला, फॅरर पार्कवर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिकांना एकत्र करून जपान्यांच्या हवाली केले गेले. त्यातले हजारो आझाद हिंद फौजेत गेले, हजारो गेले नाहीत. न गेलेल्यांपैकी कित्येकांना न्यू गिनीसारख्या बेटांवर पाठवले गेले आणि ते भूक व आजाराने तिथेच मेले. फौजेत गेलेल्यांवर इंग्रजांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात राजद्रोहाचा खटला भरला आणि सारा देश त्यांच्या बाजूने उभा राहिला. एका कायद्याने जे फितूर, तेच आपल्या घरात देशभक्त. जपान्यांशी हातमिळवणी हीच फितुरी, असे म्हणायची सोय आपल्याला, नेताजींच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांना, नाही. दोन्ही प्रकरणे सारखी आहेत असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ‘तो कोणाच्या बाजूला उभा होता’ या एका प्रश्नाने निकाल लागत नाही.

दुसऱ्या बाजूच्या माणसांकडेही पाहावे. तानाकादाते, कोरिबा, तोकुगावा. त्यांचे लष्कर शहरात काय करत होते हे त्यांना दिसत नसेल असे मानणे कठीण आहे. त्या लष्कराला त्यांनी थोपवले नाही, थोपवणे त्यांच्या हातातही नसावे. पण शत्रूचे शास्त्र त्यांनी लुटून नेले नाही, जागेवर जपले. म्हणजे याच काळात, याच शहरात, काही माणसे सभ्यही होती आणि एका भयंकर यंत्राचा भागही होती. या दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात हे मान्य करणे आपल्याला जड जाते, कारण मग आपल्याबद्दलही तेच म्हणता येते.

मग माझा निवाडा काय? मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. जे वाचवले ते खरोखरच पुन्हा न मिळणारे होते का? होते. ते वाचवताना दुसऱ्या कोणाला बळी दिले का? माहीत आहे त्यावरून, नाही. आणि वाचवणाऱ्याने त्याची किंमत मोजली का? कॉर्नर यांना ती नंतर मोजावी लागली. १९४७ मध्ये ते युनेस्कोच्या कामावर लॅटिन अमेरिकेत गेले, पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले, मोठे नाव कमावले, १९९६ मध्ये नव्वदीत वारले. पण तो शिक्का पुसला गेला नाही. १९८१ मध्ये त्यांनी ‘द मार्क्विस’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली, म्हणजे युद्ध संपल्यावर तब्बल ३६ वर्षांनी. पुस्तकाला स्वतःचे नव्हे, तोकुगावांचे बिरुद दिले. जपानी शास्त्रज्ञांचे श्रेय त्यांना मिळावे ही त्यांची तळमळ होती. हे वाचल्यावर मी त्यांना फितूर म्हणू शकत नाही. ते राखणदार होते. मात्र त्यांना वीर म्हणावे असेही मला वाटत नाही, आणि राखणदाराला वीरपदाची गरजही नसते. ज्यांची माणसे गेली त्यांचा राग त्याने मुकाट्याने सोसावा, हाही त्या कामाचाच भाग आहे.

इथे लेख संपवता आला असता. पण प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला कॉर्नरपेक्षाही जास्त छळते.

सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मेलेल्या युद्धकैद्यांचा आकडा वर दिला. त्यांची व्यवस्थित दफनभूमी आहे, बहुतेकांची नावे कोरलेली आहेत, त्या विषयावर चित्रपट निघाले. त्याच रेल्वेवर आशियाई मजूरही होते, युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यातले सुमारे ९० हजार मेले असा अंदाज आहे. त्यांत मलायाच्या रबराच्या मळ्यांतून उचलून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. तेच, ज्यांची आठवण ठेवा म्हटले होते. युद्धामुळे रबराचा व्यापार बंद पडला, मळ्यांवर काम उरले नाही, आणि माणसे रेल्वेच्या तोंडी गेली. या बागेतून गेलेल्या बियांनी मळे उभे राहिले, मळ्यांनी ही माणसे समुद्रापार आणली, आणि मळे थांबताच ती कोणाचीच राहिली नाहीत. पटकी आणि मलेरियाने जंगलात जिथे पडली तिथेच बहुतेकांना पुरले. ‘अंदाज’ हा शब्द मी वापरला, कारण मोजणी कोणी ठेवलीच नाही.

हर्बेरियममधल्या त्या कागदांच्या कोपऱ्यातली चिठ्ठी आठवते. नाव, ठिकाण, तारीख. एका रानटी अंजिराच्या वाळलेल्या फांदीला ती आहे. काही चिठ्ठ्यांवर तर ती फांदी तोडून आणणाऱ्या मलय संग्राहकाचेही नाव आहे, आणि ते वाचून बरे वाटते. पण त्या ९० हजार माणसांना चिठ्ठी नाही. ते कुठल्या गावाहून आले, कुठे पडले, कोणत्या तारखेला, हे सांगणारा एक कागदही बहुतेकांच्या वाट्याला आला नाही.

याचा दोष मी कॉर्नर यांच्या माथी मारत नाही. एक माणूस एकाच कपाटाची राखण करू शकतो. त्यांनी पाने राखली ती चूक होती असेही मला वाटत नाही. पाने टाकून दिली असती तर मजुरांची नावे राहिली असती असे काही नाही. पण राखणदाराची पारख करताना आपण नेहमी विचारतो की तो कोणाच्या हुकमाखाली होता. त्याहून अवघड प्रश्न आपल्या सगळ्यांसाठी आहे. जे जपण्यासारखे आहे असे आपण एकमताने ठरवले, त्या यादीतून कोण सुटले? साम्राज्याला पान मौल्यवान वाटले, कारण पानातून रबर निघू शकते हे त्याने एकदा पाहिले होते. मजूर मौल्यवान वाटला नाही, कारण तो गेला तर कंगाणी दुसरा आणत असे. ज्याची भरपाई होते असे आपण मानतो, त्याची आपण राखण करत नाही. आणि कोणत्याही माणसाची भरपाई होते असे मानणे, हीच मला यातली खरी फितुरी वाटते.

आपण घर सोडून दूर आलेली माणसे आहोत. आपणही काही ना काही राखत असतो. आजीची पैठणी, ज्ञानेश्वरीची पिवळी पडलेली प्रत, मंडळाच्या कपाटातले जुने दिवाळी अंक. ते राखावेच. पण त्याच कपाटात जुन्या फोटोंचा एक अल्बमही असतो. लग्नाच्या पंगतीत वाढणारी, बाळंतपणात महिना-महिना राबलेली, शेतावर वडिलांसोबत उभी असलेली माणसे त्यात दिसतात, आणि ‘हे कोण?’ या मुलांच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. ज्यांना अजून आठवते अशी एखादी आत्या, एखादे काका अजून असतील, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून विचारून घ्यावे, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. नाव, गाव, साल. एका वाळलेल्या पानाला जेवढे मिळते, तेवढे तरी.